ऑपरेशन आधी की औषध आधी? स्तनाच्या वाढलेल्या कर्करोगाबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळी ठाणे आणि नवी मुंबईतून आलेली बरीच पत्रे स्तनाच्या वाढलेल्या कर्करोगाबद्दल आहेत. फाइलवर 'अ‍ॅडव्हान्स्ड' असे लिहिलेले दिसले की घरात दोन टोकांची बोलणी सुरू होतात. एक बाजू म्हणते, सगळे संपले. दुसरी म्हणते, उद्याच्या उद्या काढून टाका. दोन्ही बाजू एक गोष्ट विचारायची विसरतात: रोग स्तन आणि काखेपुरता आहे (तिसरी स्टेज), की हाडे, फुफ्फुस, यकृत, मेंदू यांपैकी कुठे पोहोचला आहे (चौथी स्टेज)? ऑपरेशन करायचे का, कधी आणि कशासाठी, रेडिएशन कुठे आणि किती, हे सारे या एका उत्तरावर ठरते. पत्रे थोडक्यात दिली आहेत, नावे गाळली आहेत. उत्तरे वाचून झाल्यावर फाइल घेऊन आपल्या डॉक्टरांशी बोला. औषधाचा डोस त्यांनीच ठरवायचा.

प्रश्न : आई ५८ वर्षांची. डाव्या स्तनात ७ सेंटिमीटरची गाठ आहे, वरची कातडी संत्र्याच्या सालीसारखी झाली आहे, काखेतही गाठी लागतात. जवळच्या सर्जननी पुढच्या आठवड्यात स्तन काढायची तारीख दिली आहे. दुसरे डॉक्टर आधी सहा महिने केमो म्हणतात. इतके थांबलो तर पसरणार नाही का? (मुलगा, घोडबंदर रोड, ठाणे)

उत्तर : दादा, पुढच्या आठवड्याची तारीख रद्द करा. दुसऱ्या डॉक्टरांचे बरोबर आहे.

कातडी तशी का झाली ते आधी समजून घ्या. कातडीखालच्या लसीकावाहिन्या कर्करोगाच्या पेशींनी तुंबल्या की पाणी साचते, कातडी फुगते आणि केसांची मुळे आत ओढलेली दिसतात. म्हणजे रोग गाठीपुरता नाही, वरच्या कातडीतही आहे. अशा वेळी सर्जन कुठेही कापायला गेले तरी कापलेल्या कडेला पेशी राहण्याची भीती असते. सगळी खराब कातडी काढायची तर उरलेली जुळत नाही. ताण देऊन टाके घातले तर जखम उसवते, नाहीतर पाठीचा किंवा पोटाचा स्नायू वळवून भोक झाकावे लागते. मग जखम भरेपर्यंत केमो लांबते, आणि तुमच्या आईंना सगळ्यात जास्त गरज केमोचीच आहे. एवढ्या मोठ्या गाठीतून काही पेशी रक्तात गेल्या असण्याची शक्यता बरीच असते. स्कॅनमध्ये त्या दिसत नाहीत आणि सुरीही तिथे पोहोचत नाही.

केमो सुरू झाली म्हणजे उपचार सुरू झाला, त्याला थांबणे म्हणू नका. अमेरिकेत १९८८ पासून १५२३ स्त्रियांवर एक मोठा अभ्यास झाला. त्यांचा कर्करोग ऑपरेशन होण्याजोगा होता. निम्म्यांना केमो ऑपरेशनआधी दिली, निम्म्यांना नंतर. आयुष्यमानात फरक पडला नाही. आधी केमो घेतलेल्यांमध्ये स्तन वाचवता आलेल्या स्त्रिया मात्र जास्त निघाल्या. तुमच्या आईंच्या बाबतीत तर आधी ऑपरेशन केले तर ते धड होणारच नाही, हा मुद्दा वेगळा आहे.

आता या आठ-दहा दिवसांत काय व्हायला हवे ते सांगतो. पहिली ट्रू-कट बायॉप्सी. जागा बधिर करून जाड सुईने चार-सहा तुकडे घेतात, टाका लागत नाही. बारीक सुईची तपासणी (एफएनएसी) इथे पुरत नाही, कारण तीत कर्करोग आहे एवढेच कळते. ईआर, पीआर (रोग हार्मोनवर वाढतो का ते सांगणाऱ्या) आणि हर-टू (पेशीवरचे एक प्रथिन मोजणारी) या तीन तपासण्या तुकड्यावर नीट होतात आणि औषध त्यांच्यावर ठरते. तुकडे लगेच फॉर्मेलिनमध्ये बुडायला हवेत आणि किमान ६ तास तिथे राहायला हवेत. तुकडे फॉर्मेलिनऐवजी भलत्याच पाण्यात तास-दोन तास पडून राहिले तर ईआर खोटे निगेटिव्ह येऊ शकते, आणि पाच-दहा वर्षे गुणकारी ठरणारी गोळी रुग्णाला मिळतच नाही. हर-टूचा आकडा २+ आला तर रिपोर्ट अर्धवट समजा आणि फिश (हर-टूच्या जनुकाची) तपासणी करून घ्या. रुग्णालय बदलले तर नुसता कागद नेऊन चालत नाही, तुकड्याचा मेणाचा ब्लॉक आणि काचा (स्लाइड) मागून घ्या.

दुसरे, शरीराची तपासणी: पेट-सीटी, किंवा छाती-पोटाचा सीटी आणि बोन स्कॅन. हासळीच्या हाडाच्या वर, त्याच बाजूला गाठ दिसली तर घाबरू नका. ती तिसऱ्याच स्टेजमध्ये मोजतात, चौथ्या नाही, आणि बरे करण्याच्या उद्देशानेच उपचार होतो. तिसरे, हृदयाची टू-डी एको, कारण अ‍ॅड्रियामायसिन (केमोचे औषध) आणि ट्रॅस्टुझुमॅब (हर-टूवरचे इंजेक्शन) दोन्ही हृदयावर ताण देतात. चौथी गोष्ट बरेचदा राहून जाते: स्तन वाचवण्याची थोडीही आशा असेल तर केमोच्या सुरुवातीलाच गाठीत धातूची बारीक क्लिप बसवून घ्यावी. गाठ विरघळल्यावर नेमके कुठले काढायचे ते मग सर्जनला सापडते.

नेहमीचा क्रम असा: दर तीन आठवड्यांनी चार वेळा 'एसी' (अ‍ॅड्रियामायसिन आणि सायक्लोफॉस्फामाइड), मग दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल बारा वेळा. हर-टू पॉझिटिव्ह असेल तर दुसऱ्या टप्प्यात ट्रॅस्टुझुमॅब जोडतात आणि ते एकूण वर्षभर चालते. ते आता भारतीय कंपन्यांचे मिळते, पूर्वीइतके महाग नाही. दर खेपेला डॉक्टरांनी गाठ मोजून फाइलवर आकडा लिहिला पाहिजे. लिहिला नाही तर तुम्ही विचारा. दोन खेपांनंतरही गाठ वाढत असेल तर औषध बदलतात. तेही चालले नाही तर लवकर ऑपरेशन किंवा आधी रेडिएशन असा मार्ग निघतो. असे थोड्याच रुग्णांत होते, पण तो आकडा लिहिलेला नसेल तर कळायलाच उशीर होतो.

केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप गेला तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठा. पांढऱ्या पेशी कमी असताना आलेला ताप क्रोसिनने उतरला तरी धोका उतरत नाही.

प्रश्न : सुई टोचली की कर्करोग पसरतो, म्हणून सासूबाई बायॉप्सीला तयार नाहीत. (सून, दिवा)

उत्तर : पसरत नाही. बायॉप्सीविना काढलेल्या गाठी मात्र खूप नुकसान करतात. साधी गाठ समजून अर्धवट काढली जाते, कडेला रोग राहतो, छेद भलत्या दिशेने गेलेला असतो आणि पुढच्या सर्जनला सगळे पुन्हा उघडावे लागते. सासूबाईंना एवढेच सांगा की कोणते औषध लागू पडेल ते त्या सुईवरून ठरणार आहे.

प्रश्न : पत्नी ४४ वर्षांची. गाठ ६ सेंटिमीटर होती, काखेतल्या गाठी एकमेकींना चिकटलेल्या होत्या. केमो संपली, आता हाताला काहीच लागत नाही, सोनोग्राफीतही नाही. मग स्तन का काढायचा? आणि काढल्यावर पुन्हा रेडिएशन कशाला? (नेरूळ)

उत्तर : हाताला न लागणे आणि पेशी न उरणे यांत मोठे अंतर आहे. सोनोग्राफी स्वच्छ असूनही सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची बेटे सापडतात. ऑपरेशनशिवाय ते कळायला मार्ग नाही, आणि कळण्यावर पुढचे औषध अवलंबून आहे. काहीच उरले नसेल तर उत्तम. तीनही तपासण्या निगेटिव्ह असलेल्या प्रकारात काही उरले तर कॅपेसिटाबीनच्या गोळ्या सहा ते आठ फेऱ्या देतात. हर-टू पॉझिटिव्हमध्ये काही उरले तर ट्रॅस्टुझुमॅबच्या जागी टी-डीएम१ (ट्रॅस्टुझुमॅबला केमो जोडलेले इंजेक्शन) येते. ऑपरेशन टाळले तर हे दोन्ही दरवाजे बंद होतात.

पूर्ण स्तन काढलाच पाहिजे असे मात्र नाही, आणि हे तुम्ही आग्रहाने विचारायला हवे. गाठ एकाच जागी होती का? मॅमोग्राफीत चुन्याचे कण सगळ्या स्तनात पसरलेले नाहीत ना? क्लिप जागेवर आहे ना? सुरुवातीला स्तन भराभर लाल होऊन सुजलेला (इन्फ्लमेटरी प्रकार) नव्हता ना? उत्तरे अनुकूल असतील तर केमोनंतर उरलेला भाग कडेसह काढून स्तन ठेवता येतो. त्यानंतर रेडिएशन घ्यावेच लागते. इन्फ्लमेटरी प्रकारात मात्र गाठ कितीही विरघळली तरी पूर्ण स्तन काढणेच योग्य. काखेतल्या गाठी सुरुवातीला चिकटलेल्या होत्या, त्यामुळे तिथली पूर्ण सफाई होईल. दोन-तीन गाठी काढून तपासण्याचा छोटा मार्ग तुमच्या पत्नींसाठी सुरक्षित मानत नाहीत.

रेडिएशनचे गणित केमोनंतरच्या चित्रावर नाही, पहिल्या दिवशीच्या चित्रावर बसते. हे बहुतेकांना पटत नाही, पण कारण सरळ आहे. जिथे एकदा एवढा रोग होता त्या छातीच्या कातडीत, काखेत, हासळीच्या वर, औषधाला न जुमानणाऱ्या थोड्या पेशी दडून राहू शकतात. काखेत सुरुवातीला थोडाच रोग होता आणि केमोने तो पूर्ण गेला, अशा स्त्रियांत गाठींवरचे रेडिएशन टाळता येईल असे अलीकडच्या एका अमेरिकन अभ्यासात दिसले आहे. चिकटलेल्या गाठींच्या स्त्रिया त्या अभ्यासात नव्हत्या. इंटरनेटवर ती बातमी वाचून रेडिएशन सोडू नका.

ऑपरेशनबद्दल थोडे, कारण त्रास बहुधा छोट्या गोष्टींचाच होतो. शेवटच्या केमोनंतर तीन ते सहा आठवड्यांत ऑपरेशन व्हावे. आठ आठवड्यांपलीकडे नेऊ नका. घरी येताना एक-दोन ड्रेन नळ्या असतात. रोज ठरावीक वेळी डब्यातले पाणी मोजून वहीत लिहा. २४ तासांत साधारण ३० मिलीच्या खाली आले की नळी काढतात, त्याला एक ते दोन आठवडे लागतात. नळी निघाल्यावर पाणी साचून फुगवटा आला तर ओपीडीत सुईने काढतात. ते बिघडले असे समजू नका. दंडाच्या आतल्या बाजूला बधिरपणा राहतो, कारण काखेतून जाणारी एक संवेदनेची नस बरेचदा कापावी लागते.

खरी काळजी खांद्याची घ्या. पहिल्या दिवसापासून बोटे, मनगट, कोपर हलवायचे आणि हात खांद्याच्या उंचीपर्यंत न्यायचा. नळ्या निघाल्या की भिंतीवर बोटे चालवत रोज थोडे वर. रेडिएशनच्या टेबलावर हात डोक्यावर ठेवून निजावे लागते. दुखते म्हणून हात पोटाशी धरून बसलेल्या स्त्रिया प्लॅनिंगच्या (किरणांचा आराखडा आखण्याच्या) दिवशी तो वर नेऊ शकत नाहीत आणि मग फिजिओथेरपीत दोन-तीन आठवडे जातात. त्या हातात घट्ट हिरव्या बांगड्या नकोत. बांगडी किंवा ब्लाउजची बाही घट्ट वाटू लागणे ही हात सुजण्याची पहिली खूण असते. हात लाल, गरम होऊन ताप आला तर त्याच दिवशी अँटिबायोटिक लागते.

प्रश्न : आई ६३ वर्षांची. स्तनातली गाठ ४ सेंटिमीटर, मणक्यात आणि खुब्यात रोग गेला आहे. ईआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह. डॉक्टरांनी लेट्रोझोल (हार्मोन कमी करणारी) आणि रायबोसिक्लिब (पेशींची वाढ रोखणारी) या गोळ्या दिल्या, ऑपरेशन नाही म्हणाले. नातेवाईक म्हणतात, रुग्णालयाने हात टेकले, दुसरीकडे नेऊन ऑपरेशन करून घ्या. मुळावर घाव घातला तर फांद्या वाळतील ना? (मुलगी, ऐरोली)

उत्तर : ताई, हा प्रश्न आपल्या शेजारीच, परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात तपासला गेला आहे आणि त्याचे उत्तर साऱ्या जगात वाचले जाते. डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ ते २०१३ या काळात, निदानाच्या वेळीच रोग इतरत्र पसरलेल्या ३५० स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाला औषधांबरोबर स्तनाचे ऑपरेशन आणि रेडिएशन, दुसऱ्याला फक्त औषधे. २०१५ साली निकाल छापला. निम्म्या स्त्रिया ज्या मुदतीपलीकडे जगल्या ती मुदत ऑपरेशनच्या गटात १९.२ महिने आणि औषधांच्या गटात २०.५ महिने निघाली. म्हणजे फायदा नाही. छातीवरचा रोग ऑपरेशनमुळे आटोक्यात राहिला, पण दूरचा रोग त्या गटात उलट थोडा लवकर वाढलेला दिसला.

त्या काळी औषधे जुनी होती, अशी शंका घेतली गेली आणि ती रास्त होती. नंतर अमेरिकेतल्या अभ्यासात, चांगली औषधे देऊन, २५६ स्त्रियांत हाच प्रश्न विचारला गेला. तीन वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण ऑपरेशनच्या गटात ६८.४ टक्के आणि दुसऱ्या गटात ६७.९ टक्के. उत्तर तेच. तुर्कस्तानातल्या एका अभ्यासात फायदा दिसला, पण तिथे ऑपरेशनच्या गटात सौम्य प्रकारचा रोग असलेल्या स्त्रिया जास्त आल्या होत्या, त्यामुळे त्यावर एकट्यावर निर्णय ठरवता येत नाही.

झाडाच्या मुळाची तुलना इथे लागू पडत नाही. हाडात बसलेल्या पेशी स्तनातल्या गाठीच्या जिवावर जगत नाहीत, त्या स्वतंत्रपणे वाढतात. आयुष्य त्यांच्यावर ठरते आणि त्यांच्यापर्यंत पोहोचते ती गोळी. ऑपरेशन केले तर जखम भरेपर्यंत रायबोसिक्लिब बहुधा थांबवावी लागेल. म्हणून डॉक्टरांनी हात टेकले असे म्हणणे त्यांच्यावर आणि तुमच्या आईंवर अन्याय आहे. पाळी गेलेल्या, याच प्रकारचा रोग असलेल्या स्त्रियांवर रायबोसिक्लिब-लेट्रोझोलचा जो अभ्यास झाला, त्यात निम्म्या स्त्रिया ६३.९ महिन्यांपलीकडे जगल्या. नुसत्या लेट्रोझोलवर तो आकडा ५१.४ महिने होता. तुमच्या आईंचे किती, हे यावरून सांगता येत नाही. पण त्यांना चांगला उपचार मिळतो आहे, हे नक्की सांगता येते.

गोळ्या नीट चालायला हव्यात. रायबोसिक्लिब तीन आठवडे रोज आणि एक आठवडा सुट्टी. लेट्रोझोलला सुट्टी नाही, आणि इथेच घरोघरी घोळ होतो. सुट्टीच्या आठवड्यात दोन्ही बंद केल्या जातात. सुरू करण्याआधी आणि साधारण चौदाव्या दिवशी ईसीजी, शिवाय रक्तपेशी आणि लिव्हरच्या तपासण्या. उलटीची, झोपेची किंवा जुलाब थांबवायची गोळी दुकानातून परस्पर आणू नका, काही गोळ्या हिच्याबरोबर हृदयाचे ठोके बिघडवतात.

मग ऑपरेशन कधी? गाठ फुटून रक्त येऊ लागले, किंवा इतरत्र रोग शांत आहे आणि स्तनातली गाठ एकटीच वाढते आहे, तेव्हा. हेतू आराम आणि स्वच्छता हा. एकाच हाडात एकच डाग असेल तर त्याचा वेगळा विचार ट्यूमर बोर्डात (निरनिराळ्या तज्ज्ञांच्या बैठकीत) होतो. पण मोजक्या डागांवर नेमके रेडिएशन दिल्याने रोग वाढायला जास्त वेळ लागेल ही आशा अमेरिकेतल्या चाचणीत खरी ठरली नाही.

हाडांना रेडिएशन मात्र फार उपयोगी, आणि ते सगळ्या डागांना नाही, दुखणाऱ्या किंवा धोक्याच्या जागेला देतात. साध्या दुखण्याला ८ ग्रेची (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे माप) एकच खेप पुरते. पाच किंवा दहा खेपांइतकाच आराम मिळतो, फक्त काहींना पुढे पुन्हा द्यावी लागते. आराम एक-दोन आठवड्यांत सुरू होतो, पूर्ण परिणामाला महिना लागतो. पहिल्या दोन-तीन दिवसांत दुखणे वाढू शकते. रेडिएशन बिघडवून गेले असे समजून घाबरू नका आणि वेदनाशामक बंद करू नका. बहुतेक डॉक्टर रेडिएशनच्या दिवसांत रायबोसिक्लिब थांबवतात, ते विचारून घ्या.

खुब्याचे वेगळे. पाय टेकला की कळ येत असेल तर एक्स-रे काढून आधी हाडाच्या डॉक्टरांना दाखवा. हाड पोखरलेले असेल तर आधी रॉड, मग रेडिएशन. उलट केले आणि हाड मोडले तर तुमच्या आई अंथरुणाला खिळतील. मणक्यासाठी ही लक्षणे घरातल्या प्रत्येकाला पाठ असू द्या: दोन्ही पायांत नवी अशक्तता, छातीभोवती पट्टा आवळल्यासारखे दुखणे, लघवी अडणे किंवा कळत नसणे, बसायच्या जागी बधिरपणा. यातले काहीही आले तर हातात काही तासच असतात. त्याच दिवशी पूर्ण मणक्याचा एमआरआय, डेक्सामेथासोन (सूज उतरवणारे स्टेरॉइड), आणि ऑपरेशन किंवा रेडिएशन. चालत आलेला रुग्ण बहुधा चालत राहतो. पाय गेल्यावर आणला तर ते परत येणे अवघड असते.

हाडे बळकट करणारे झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडचे इंजेक्शन (४ मिलिग्रॅम, महिन्याने किंवा तीन महिन्यांनी) सुरू करण्याआधी दातांच्या डॉक्टरांकडे जा. किडलेला दात आधीच काढून घ्या. इंजेक्शन चालू असताना दात काढला तर जबड्याचे हाड उघडे पडून न भरण्याचा धोका असतो.

प्रश्न : आजी ७१ वर्षांची, स्तनावर मोठी जखम आहे, वास येतो, कधी रक्त येते. फुफ्फुसातही आहे. कुणी लेप लावायला सांगितला होता. घरात काय करावे? (नात, कळवा)

उत्तर : लेप आजच बंद करा. हळद, कापूर, राख जखमेत घट्ट बसते, ओढून काढताना रक्त येते आणि खालचा जंतुसंसर्ग झाकला जातो.

अर्धा लिटर पाणी उकळून गार करा, त्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ घाला. आधीची पट्टी या पाण्याने पूर्ण भिजवा, दहा मिनिटे थांबा, मग काढा. कोरडी ओढू नका, निम्मे रक्त तिथेच येते. जखम त्याच पाण्याने धुवा. वास जंतूंचा असतो आणि त्यावर मेट्रोनिडॅझोल लागू पडते. ४०० मिलिग्रॅमच्या गोळ्या बारीक कुटून जखमेवर भुरभुरवा किंवा जेल लावा. आठवड्यात फरक जाणवतो. त्यावर व्हॅसलीनची जाळीदार पट्टी, वर गॉज, वर पॅड. कापूस थेट जखमेवर नको. हायड्रोजन पेरॉक्साइड रोज नको. ड्रेसिंगआधी अर्धा तास वेदनेचे औषध द्या. माशी बसू देऊ नका. जखमेत वळवळ किंवा टोचणी वाटली तर अळ्या असू शकतात, ते नर्सकडून काढून घ्या.

रक्त आले तर स्वच्छ गॉज ठेवून घड्याळ लावून पंधरा मिनिटे दाबा, मध्ये उचलून पाहू नका. ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिडची (रक्त थांबवणारी) गोळी कुटून गॉजवर ठेवता येते. पोटातून द्यायची तर डॉक्टरांना विचारून, पायात रक्ताची गुठळी झालेली असेल तर ती धोक्याची. घरात गडद रंगाचे टॉवेल ठेवा, पांढऱ्यावर थोडेही रक्त पाहून आजी हादरतील.

वारंवार रक्त येत असेल तर रेडिएशनचा नक्की विचार करा. एक, पाच किंवा दहा खेपांत रक्त थांबते, स्राव आणि दुखणे कमी होते. ऑपरेशन करायचे तर जखम बरगड्यांना चिकटलेली नसावी, कातडी जुळणारी असावी आणि फुफ्फुसाला भूल झेपावी. यातली एक जरी अट पुरी होत नसेल तरी सर्जन नाही म्हणतात ते योग्यच, कारण आत्ताची जखम जाऊन न भरणारी नवी जखम मिळेल. बायॉप्सीत ईआर पॉझिटिव्ह निघाले तर या वयात नुसत्या गोळ्यांनीही जखम आक्रसू शकते, म्हणून तपासणी टाळू नका. दुखण्याला मॉर्फिन लागले तर द्या. त्याने शेवट लवकर येतो हा गैरसमज आहे. त्याबरोबर शौचाला साफ होण्याचे (रेचक) औषध मात्र रोज हवे, नाहीतर पोट साफ होत नाही. आणि आजींची खाट घरातल्यांजवळच असू द्या, मागच्या खोलीत नको.

प्रश्न : डावा स्तन काढला, ११ गाठींत रोग निघाला. रेडिएशनला एक ठिकाणी २५, दुसरीकडे १५, तिसरीकडे ५ खेपा सांगितल्या. खरे कोणते? हृदयाला शेक बसेल का? (वाचक, वय ४९, कोपरखैरणे)

उत्तर : तिन्ही पद्धती खऱ्या आहेत. पूर्वी ५० ग्रे २५ खेपांत देत. ब्रिटनमधल्या अभ्यासांनंतर ४० ग्रे १५ खेपांत, म्हणजे तीन आठवड्यांत, ही रीत रुळली. २६ ग्रे पाच खेपांत, एका आठवड्यात, हा निकाल २०२० मध्ये आला, पण तो मुख्यतः स्तन आणि छातीपुरता. तुमच्या काखेत आणि हासळीच्या वरही द्यायचे आहे, म्हणून १५ खेपा हा आमच्या मते तुमच्यासाठी उत्तम मार्ग. कमी खेपांना कमी दर्जाचे समजू नका. जास्त खेपा म्हणजे जास्त गुण, असेही नाही.

डाव्या बाजूला 'श्वास रोखून' रेडिएशन होते का, हे जरूर विचारा. खोल श्वास घेऊन २० सेकंद धरला की फुफ्फुस फुगून हृदय छातीच्या भिंतीपासून दूर जाते. प्लॅनिंगआधी घरी रोज सराव करा. प्लॅनिंगच्या सीटीनंतर सुरुवातीला साधारण आठवडा लागतो. रोज टेबलावर दहा-पंधरा मिनिटे, त्यात किरण काही मिनिटांचेच. तुमच्या अंगातून किरण बाहेर पडत नाहीत, घरी नातवंडाला खुशाल कुशीत घ्या.

अंगावरच्या खुणा पुसू देऊ नका. पावसाळ्यात आणि घामात त्या फिक्या होतात, तेव्हा तंत्रज्ञांना लगेच दाखवा, स्वतः पेनने गिरवू नका. भिजलेला ब्लाउज अंगावर वाळवू नका, ओल्या घर्षणाने कातडी सोलवटते. सैल सुती कपडे, साधे कोमट पाणी, पावडर-डिओ नाही. काळेपणा आणि जळजळ रेडिएशन संपल्यावर एक-दोन आठवड्यांनी सर्वाधिक असते, तेव्हा दचकू नका. खेपा बुडवू नका. मशीन बंद पडले किंवा लोकल अडकली तर बुडालेली खेप कशी भरून काढणार ते विचारा.

कोपरखैरण्याहून खारघरच्या टाटा केंद्रात जायचे असेल तर ठाणे-पनवेल लोकल खारघर स्टेशनपर्यंत थेट जाते. रुग्णालयाचा दाखला जवळ असेल तर कर्करुग्णाला दिव्यांगांच्या डब्यातून प्रवास करता येतो. खर्चासाठी रेशन कार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांना (सरकारी योजनेत मदत करणाऱ्या कर्मचाऱ्यांना) भेटा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे, आणि ऑपरेशन, केमो, रेडिएशन तिन्ही त्यात येतात. मंजुरी आधी आणि उपचार नंतर असा क्रम असतो, म्हणून पैसे भरून सुरुवात करण्याआधीच अर्ज करा. प्लॅनिंगच्या तारखेच्या आत मंजुरी हातात यायला हवी.